दुसऱ्यातून तिसऱ्यात

मास्तरांनी गावातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवली होती, आणि उरलेल्या निम्म्यांनी त्या लोकांना बघून रस्त्यातून बाजूला व्हायला शिकून घेतलं होतं. हा विनोद मास्तरांचाच. नवा विद्यार्थी आला की पहिल्या दिवशी ते तो ऐकवत, आणि विद्यार्थी हसला की म्हणत, "झालं हसून? आता क्लच दाबा."

त्यांच्या शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच होता. वर्षानुवर्षं त्या जादा क्लचवर पाय टेकवून बसल्यामुळे त्यांचा डावा बूट उजव्याच्या आधी झिजायचा. गियरचा दांडा तर घाबरलेल्या हातांनी ओढून ओढून इतका सैल झाला होता, की चिखलात काठी फिरवावी तसा फिरे. पहिला कुठे, तिसरा कुठे, हे त्या दांड्याला स्वतःलाही नक्की ठाऊक नसावं. मास्तरांना मात्र अंधारात दिव्याचं बटण सापडावं तसा हवा तो गियर सापडायचा. दिवसभर त्यांचं काम एकच, दुसऱ्याची चूक होण्याच्या आत आपला पाय मारणं. घरी येऊन खुर्चीत टेकले, तरी बाहेर रस्त्यावर कुणी गियर खरडला की त्यांचा डावा पाय आपसूक दाबला जाई.

त्यांच्या कीर्तीला एकच गालबोट होतं. त्यांच्या बायकोला गाडी येत नव्हती.

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी तिला शिकवायला घेतलं होतं. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर गाडी बंद पडली, मागे गाड्यांची रांग लागली, आणि मास्तर, तेव्हा ते नुसते नवरदेव होते, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुझ्या हातून नाही व्हायचं हे." तिने दार उघडलं, उतरली, दार तसंच उघडं टाकून चालत घरी गेली. त्यानंतर तो विषय दोघांनीही काढला नाही. लोक विचारत, "मास्तर, बाईसाहेब नाही चालवत?" तर मास्तर म्हणत, "पिकतं तिथे विकत नाही," आणि हसून वेळ मारून नेत.

बायको घरच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. पडदे, अभ्रे, लोकांचे उसवलेले कोट. पायाचं जुनं मशीन होतं. शिवताना ती कापडाकडे कमी बघायची आणि मशीनचा आवाज जास्त ऐकायची. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्यापासून घरात दिवसभर तेवढाच आवाज असे.

मग मास्तरांचे सासरे वारले, आणि त्यांची गाडी बायकोकडे आली. तिच्या भावाला ती नको होती, त्याच्या मते ती भंगारात घालायच्या लायकीची होती. बायको म्हणाली, "मला द्या." लहानशी, जुनी, राखाडी रंगाची गाडी. म्हाताऱ्याने ती बाळासारखी जपली होती. सासुरवाडीहून ती चालवत आणली मास्तरांनीच. घरी पोचल्यावर किल्ली बायकोच्या हातात देत ते म्हणाले, "चांगली आहे. गियर जरा ताठ आहेत. म्हाताऱ्यासारखेच."

"मी शिकणार आहे," बायको म्हणाली.

मास्तरांना बरं वाटलं. इतक्या वर्षांनी का होईना, गालबोट पुसायची संधी आली होती. "शिकवतो की. सकाळी सातच्या आत एखादी वेळ मोकळी..."

"तुमच्याकडे नाही. कप्तानांना विचारलंय मी. ते हो म्हणालेत."

कप्तान म्हणजे जहाजावरचा नव्हे. डोंगरातल्या रस्त्यांवर जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला एक विधुर गृहस्थ. डोक्यावर कायम चपटी टोपी, म्हणून कप्तान. मास्तरांच्या ऑफिससमोर, चावीवाल्याच्या दुकानाला लागून एक टेबल टाकून तो बसायचा. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे अशांनाच तो शिकवी, कारण त्याच्याकडे गाडी नव्हती. मास्तर त्याच्याबद्दल म्हणत, "ना गाडी, ना पाटी, ना जादा ब्रेक. हा शिकवणार म्हणजे पोहणाऱ्याला काठावरून शाबासकी देणार."

"त्याच्याकडे?" मास्तर म्हणाले. "अगं, लोक काय म्हणतील? मास्तरांची बायको समोरच्या दुकानात?"

"लोक तीस वर्षं विचारतायत मी का चालवत नाही. त्याचं उत्तर तर मिळेल त्यांना." ती मशीनवर बसली आणि तिने पाय सुरू केला. तो आवाज सुरू झाला की बोलणं संपलं, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांचा छळ सुरू झाला. सकाळी ते ऑफिसच्या काचेतून बघत. समोर राखाडी गाडी उभी राही, बायको सरकून नीट बसे, कप्तान आपला लांब देह घडी घालून शेजारी बसवी, आणि गाडी निघे. पहिले काही दिवस ती गचके खात गेली. मास्तरांना ते बघून जो आनंद झाला तो त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केला नाही. पण मग गचके बंद झाले. एका सकाळी गाडी अशी निघाली, की चहाच्या कपावरची साय हलू नये. मास्तरांच्या हातातला चहा मात्र बशीत सांडला.

बायको बदलली. म्हणजे काही वेगळं केलं नाही तिने, पण स्वयंपाक करता करता तिची दोन बोटं हवेत पुढे सरकायची, मधे थांबायची, पुन्हा पुढे जायची. चेहऱ्यावर तजेला. मास्तरांनी विचारलं, "काय म्हणतोय तुझा कप्तान?" तर म्हणे, "काही म्हणत नाहीत." आता दोन माणसं रोज तासभर एका गाडीत बसतात आणि काही बोलत नाहीत, यावर कोणता नवरा विश्वास ठेवील?

एका संध्याकाळी मास्तर दाढी करत होते. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं आणि बाहेर बायको लेकीशी फोनवर बोलत होती.

"अगं, मला वाटायचं जोर लागतो. जोर लावला की तो रुसतो. दोन बोटांनी नुसतं सुचवायचं. दुसऱ्यातून बाहेर काढला ना, की मधे एक जागा लागते. तिथे तो कुणाचाच नसतो. तिथे अर्धा श्वास थांबायचं. इंजिनाचा आवाज खाली उतरायला लागतो, आणि बरोबर जागेवर आला की तिसरा आपण होऊन आत जातो. टक् करून. घट्ट डब्याचं झाकण बसतं तसं. हाताला कळतं. मग क्लच सोडताना पायाला एक जागा लागते, तिथे गाडी पकडते, ती सांभाळून सोडली की पुढे कसलाही धक्का नाही. धागा न तोडता कोपरा वळवला की कसं वाटतं, तसं अगदी. काल मोकळ्या रस्त्यावर मी चौथ्यातून उगीच तिसऱ्यात आले. काही कारण नव्हतं. मजा वाटली म्हणून."

पलीकडून लेक काहीतरी म्हणाली. बायको हसली. "त्यांना काय सांगायचं? ते दिवसभर तेच करतात. कंटाळतील बिचारे."

मास्तर आरशासमोर तसेच उभे राहिले. गालावरचा साबण वाळला. मजा. इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीत हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. लोक म्हणत, जमलं. लोक म्हणत, सुटलो. आपल्याच घराच्या मागे बाग आहे आणि आपण सोडून सगळे तिथे फिरून येतात, असं काहीतरी त्यांना वाटलं, आणि त्या बागेत चपटी टोपी घातलेला एक माणूस बायकोला फुलं दाखवत होता.

लेकीने त्यांनाही फोनवर बोलावलं. दोन मिनिटं त्यांचं 'हं' आणि 'बरं' ऐकून ती म्हणाली, "बाबा, क्लच जळाल्याचा वास इथपर्यंत येतोय."

"कुठला क्लच?"

"तुमचा," ती म्हणाली.

पण खरा भडका उडाला तो टोपीवरून. कप्तान टेबलाशी बसून टोपी काढून डोकं पुसत होता. मास्तर रस्ता ओलांडत होते. टोपी उलटी टेबलावर पडली होती आणि तिला आतून नवं अस्तर होतं. निळ्यावर बारीक पांढरे ठिपके. मास्तरांनी ते कापड ओळखलं. त्यांच्या झोपायच्या खोलीचे पडदे त्याच कापडाचे होते.

त्या दिवशी ते घरी जेवले नाहीत, भूक नाही म्हणाले. रात्रभर पडद्याकडे पाठ करून निजले. बायकोला विचारावं तर काय विचारावं? माझ्या पडद्याचं कापड त्याच्या डोक्यावर का? वाक्य मनात नुसतं जुळवलं तरी हसू येण्यासारखं होतं, आणि त्यांना हसू येत नव्हतं.

सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा धडा होता. बाई हुशार, पण गाडीत बसल्या की हातपाय गार. राखाडी गाडी समोरून निघाली तसे मास्तर म्हणाले, "त्या गाडीच्या मागे चला."

"का हो?"

"अंतर ठेवून चालवायचा सराव."

सराव असा झाला की अंतर वाढतच गेलं. बाई दोनदा बंद पडल्या, एकदा चुकून वायपर सुरू करून बसल्या. "दुसरा टाका, दुसरा. अहो, हा चौथा." मास्तर दात खाऊन बोलत होते. शेवटी पाण्याच्या टाकीशी ते पोचले तेव्हा राखाडी गाडी चढाच्या पायथ्याशी होती. समोर वरून एक ट्रक येत होता. बायकोने वेग कमी केला, ट्रकला जागा दिली, आणि मग मास्तरांनी तो आवाज ऐकला. इंजिन क्षणभर मोकळं झालं, जरासं वर चढलं, आणि दुसऱ्या गियरने त्याला अलगद झेललं. कुठे खरखर नाही, आचका नाही. गाडी जिना चढणाऱ्या माणसासारखी वर निघून गेली. कप्तान खिडकीबाहेर तोंड करून झाडं बघत होता. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

"किती छान गेली ती गाडी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला असं कधी येणार, मास्तर?"

"तुम्ही गियर नीट बदलाल तेव्हा."

"बदलू कधी? माझा पाय पोचायच्या आत तुमचा पडलेला असतो." बाई रागाने नव्हे, साध्या तक्रारीच्या सुरात बोलल्या. "मला अजून कळलंच नाही क्लच कुठे पकडतो ते."

मास्तरांनी खाली पाहिलं. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, आणि त्यांचा डावा पाय क्लचवर होता.

दुपारी ते सरळ कप्तानाच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. बोलायचं पुष्कळ ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "ती टोपी."

कप्तानाने टोपी काढून बघितली. "ही? अस्तर उसवलं होतं. तुमच्या बाई म्हणाल्या, उसवलेली टोपी शेजारी असली की माझं रस्त्यावर लक्ष लागत नाही. नेली आणि शिवून आणली. का, तुमच्याकडेही काही उसवलंय?"

मास्तरांना बसावं लागलं. चावीवाल्याने एक स्टूल सरकवलं.

"तुम्ही तिला शिकवलंत तरी काय?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवशी मी बोलायला लागलो, तर म्हणाल्या, जरा थांबा, मला ऐकू येत नाही. मला वाटलं कमी ऐकू येतं. तसं नव्हतं. त्यांना इंजिन ऐकायचं होतं. मग मी गप्प बसलो. दोनचार गोष्टी सांगितल्या असतील. थांबायला सांगितलं मधे. बाकी ती गाडीच सरळ आहे, दांडा जिथे जातो म्हणतो तिथेच जातो."

"ताठ आहे तो."

कप्तानाने मास्तरांकडे बघितलं. मग स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर थाप मारली. "हा गेलाय माझा. क्लच दाबता येत नाही. निवृत्त झाल्यापासून एक गियर बदललेला नाही मी. तुम्हाला वाटत असेल, म्हातारा मजेत झाडं बघतो. तुमच्या बाईंनी तिसरा टाकला की माझा हात इथे मांडीवर हलतो. तो हलू नये म्हणून दाबून धरतो आणि बाहेर बघतो. पोटात दुखतं हो. आपल्याला जे सुख होतं ते आपल्यासमोर दुसरं कुणीतरी खातंय आणि आपण 'छान, छान' म्हणायचं."

मास्तर स्टुलावरून उठले. घरी येताना त्यांच्या लक्षात आलं की कप्तानावरचा राग कुठेतरी सांडून गेलाय, पण पोटातली आग तशीच आहे. आणि आता तिला जायला एकच घर उरलं होतं, त्यांचं स्वतःचं.

बायको परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. रविवारी ती म्हणाली, "चला, एक चक्कर मारू." मास्तर शेजारी बसले. गाव संपेपर्यंत ती दोनदा म्हणाली, "पाय वर घ्या, तिथे काही नाहीये." मोकळा रस्ता लागला. ती गियर बदलत होती आणि मास्तर खिडकीबाहेर बघत होते, अगदी कप्तानासारखे. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"मला दे जरा."

तिने गाडी कडेला घेतली, उतरली, किल्लीसुद्धा काढली नाही. मास्तर बसले. पहिला बरा गेला. दुसरा ढकलावा लागला. तिसऱ्याला दातावर दात घासल्याचा आवाज आला. आयुष्यभर ज्यांनी तो आवाज दुसऱ्यांच्या हातून ऐकून कपाळाला आठ्या घातल्या, त्यांच्याच हातून. त्यांनी शेजारी पाहिलं. ती 'तुमच्या हातून नाही व्हायचं' म्हणाली असती तर बरं झालं असतं, फिटंफाट झाली असती. ती समोर बघत होती.

"ताठ आहे," मास्तर म्हणाले.

"ताठ नाही. तो मधे थांबतो. तुम्ही थांबत नाही."

"तिथे थांबलं की विद्यार्थी चौथ्यात घालतात."

"इथे कोण आहे विद्यार्थी?" तिने विचारलं. टोमणा नव्हता त्यात, पण मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

पुढच्या वळणानंतर त्यांनी परत दुसरा घेतला. वेग आला. दांडा बाहेर काढला आणि मूठ सैल सोडली. बोटं नुसती टेकलेली. इंजिनाचा आवाज उतरू लागला, उतरता उतरता एका जागी आला, आणि दांडा त्यांच्या बोटांखालून निघून गेला. टक्. पायाने सोडलं, गाडीने धरलं, मधे काही म्हणजे काही झालं नाही. मास्तरांच्या मानेवर काटा आला. ही मजा त्यांना एके काळी माहीत होती. तरुणपणी, शिकवायला लागण्याआधी, उसन्या गाडीत, हाच हात होता. कधी गेली ते त्यांना कळलंही नव्हतं.

"हा," बायको म्हणाली.

त्यानंतर घरी येईपर्यंत तसा एकदाही गेला नाही. मास्तर घामाघूम झाले. जितका प्रयत्न करावा तितका दांडा अडे. ती मात्र दर वेळी, न बघता, बोलता बोलता बदलायची, आणि हे मास्तरांना रोज नव्याने खुपायचं.

ते काही आठवड्यात सुधारले वगैरे नाहीत. इतक्या वर्षांची सवय एका टक्ने सुटत नाही. शिकवण्याच्या गाडीत मात्र त्यांनी डावा पाय मागे सीटखाली घ्यायला सुरुवात केली, आणि पहिल्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी एका कुंपणाला गाडी टेकवली. कुंपणवाला ओरडत आला. मास्तर त्याच्याशी भांडले, आणि परत येऊन बाईंना म्हणाले, "क्लच कुठे पकडतो ते कळलं का आता?" बाई म्हणाल्या, "कळलं." कप्तानाला ते कधीमधी राखाडी गाडीत मागच्या सीटवर बसवून नेत. दोघं शेजारी शेजारी दोन खिडक्यांतून बाहेर बघत, आणि पुढे बायको एकटीच चालवी.

लेकीकडे जायचं ठरलं तेव्हा दोघांनी वाटणी केली. पुलापर्यंत ती, पुढे ते. पुलाच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर ती उतरली तेव्हा पंपावरच्या माणसाने टाकीचं झाकण फिरवत तिला म्हटलं, "लांबून ऐकत होतो. तुम्ही येताना गियर काय सुरेख खाली आणलेत, ताई. कुणी शिकवलं?"

मास्तर गाडीला वळसा घालून चालकाच्या दाराशी येत होते. ते थांबले. तीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न हजारदा ऐकला होता, आणि दर वेळी उत्तर एकच होतं, मास्तरांनी.

"शिवणाच्या मशीनने," बायको म्हणाली.

पंपावरचा माणूस हसला. मास्तरही हसले, जरा उशिरा. मग ते आत बसले, सीट मागे सरकवली, आरसा आपल्या उंचीला वळवला, आणि रस्त्यावर येईपर्यंत गाडी पहिल्यातच ठेवली. दुसऱ्याची घाई नव्हती. ती शेजारी बसून ऐकत होती, हे त्यांना माहीत होतं.